रोझलीने सांगितलेला गुडघा

सॉमर्स बेंड, ओहायो
३१ ऑगस्ट १९९८

चि. गॅरेट यास अनेक उत्तम आशीर्वाद.

येथील सर्व कुशल आहे. ‘सर्व’ हा शब्द सवयीने पडला. घरात आता मी एकटाच असल्यामुळे तो माझ्यापुरता समजावा. तुझ्या आईला जाऊन परवा सहा महिने झाले. आजवर माझ्या पत्रांवरचा पत्ता ती लिहीत असे, कारण माझे अक्षर पोस्टमनला लागत नाही असा तिचा पक्का समज होता. या पाकिटावरचा पत्ता मी पट्टी धरून, सुट्या अक्षरांत लिहिला आहे. पत्र पोचल्यास तसे कळवावेस, म्हणजे हीच पद्धत कायम करता येईल.

व्हर्नामावशीच्या पत्रातून कळले की तू फुटबॉलच्या सामन्यांत पंचाचे काम करू लागला आहेस. कँटनहून निघालेली बातमी साठ मैलांवरच्या माझ्या घरी ॲरिझोनामार्गे यावी याचे नवल वाटले. तक्रार नाही. काम सचोटीचे आहे आणि मला पसंत आहे. नियमपुस्तक यंदाचेच घेतले आहेस ना? गेल्या वर्षीच्या प्रतीवर विसंबू नये; सात ठिकाणी बदल झाले आहेत.

शाळेच्या मैदानावर चेंडूचे अंतर मोजणारी साखळी धरण्याचे माझे हे चौतिसावे वर्ष. शुक्रवारी नॉर्बर्ट हॅलिक आणि मी साखळी व्यायामशाळेच्या फरशीवर पसरून पोलादी टेपने मोजली. दहा यार्ड, बरोबर. साखळीच्या मागच्या टोकाची काठी नॉर्बर्टकडे, पुढची माझ्याकडे, नेहमीप्रमाणे. पदार्थविज्ञान शिकवणे थांबवून सहा वर्षे झाली, तरी एवढे एक मोजमाप अजून माझ्या हाती आहे याचे समाधान वाटते.

डाकघरात मिसेस ट्वारोग यांनी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली. ठीक आहे, असे सांगितले. हे उत्तर असत्य नाही.

लोभ आहेच, तो माझ्या पत्रांत कमी उतरतो, इतके समजून घ्यावेस.

तुझा पिता,
क्लेमेंट बर्नाट


कँटन
८ सप्टेंबर १९९८

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट बघून आमच्या पोस्टमनने विचारलं, हे काही सरकारी आहे का. पद्धत कायम करायला हरकत नाही.

तुम्हाला आधी का सांगितलं नाही, ते सांगतो. नऊ वर्षांपूर्वी एप्रिलच्या त्या रविवारी अख्खं गाव चर्चच्या सभागृहात टीव्हीसमोर बसलं होतं आणि मी तुमच्या नि आईच्या मध्ये. देशातल्या सगळ्या कॉलेजांमधून व्यावसायिक संघ पोरं निवडत होते, आणि माझं नाव तिसरं पुकारलं गेलं. मी अजून एक सामना खेळलेला नव्हतो, तर माझ्या पगाराचा आकडा पेपरात, नाव शाळेच्या भिंतीवर आणि फोटो न्हाव्याच्या आरशाशेजारी. पुढे काय झालं ते त्या भिंतीलाही माहीत आहे. म्हणून या वेळी ठरवलं, काम आधी करायचं, सांगायचं मागाहून.

गेलं वर्षभर शनिवारी सकाळी आठ-आठ वर्षांच्या मुलांचे सामने केले. चुकून शिट्टी वाजली तर आया थेट मैदानात उतरतात. त्यांच्यापुढे माझे जुने प्रशिक्षक म्हणजे देवमाणसं होती. यंदा हायस्कूलच्या यादीत मला एक हंगाम परीक्षेवर घेतलंय, रेषापंच म्हणून. एका सामन्याला निरीक्षक येऊन बसणार आणि त्याच्या अहवालावर मला ठेवायचं की काढायचं ते ठरणार. एका यादीतून मला एकदा काढलंय, बाबा. हे काम मला खरंच हवंय.

यादीवरून आठवलं. त्या मासिकाने यंदाही एप्रिलमध्ये ‘सर्वांत फसलेल्या दहा निवडी’ छापल्या. मी चौथ्यावरून सहाव्यावर आलोय. जिथे खाली जाणं म्हणजे प्रगती, अशी माझी ही एकच जागा.

आता मुद्दा. माझ्या परीक्षेचा सामना ठरला: शुक्रवार, २ ऑक्टोबर, सॉमर्स बेंड विरुद्ध डिलवर्थ, आपल्याच मैदानावर. तिथल्या नेहमीच्या रेषापंचाचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. मी त्याच शाळेचा, हे मी लेखी कळवलं. दोन्ही प्रशिक्षकांनी सही दिली तर चालेल म्हणतात. आणि रेषापंच म्हणजे त्या संध्याकाळपुरता साखळीवाल्यांचा साहेब. माझा हात हलल्याशिवाय तुम्हाला हलता येणार नाही. चालेल का तुम्हाला?

जेवणाची आबाळ करू नका. आशीर्वाद पाठवताच, अधूनमधून दोन शब्द रागाचे आले तरी मी ते जपून ठेवीन.

आपला,
गॅरेट


सॉमर्स बेंड
१२ सप्टेंबर १९९८

चि. गॅरेट यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या हाताखाली काम करण्यास माझी कोणतीही हरकत नाही. तरीही हा सामना तू घेऊ नयेस, अशी माझी विनंती आहे. कारण सविस्तर लिहितो.

१९९३च्या ऑगस्टमध्ये तुझ्या संघाने तुला मुक्त केले. त्यानंतर डिसेंबरात चर्चच्या तळघरात बायका नाताळच्या विक्रीसाठी अक्रोडाचे रोल लाटत होत्या. मिसेस ट्वारोग यांनी सर्वांदेखत तुझ्या आईला विचारले की एवढ्या मोठ्या किमतीला घेतलेल्या मुलाचे अचानक झाले तरी काय. तुझ्या आईने लाटणे न थांबवता एकच शब्द उच्चारला: गुडघा. मी त्या वेळी दारात अंड्यांचा ट्रे घेऊन उभा होतो. मी काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी तुझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना झाली. कोणी तीर्थाची बाटली आणून दिली. मिसेस ट्वारोग यांनी लोकरीची गुडघापट्टी विणली. ती तुझ्याकडे असेलच. गेली पाच वर्षे गावात कोणीही विचारले तरी मी ‘ठीक आहे’ असे म्हणतो आणि विषय हवामानाकडे नेतो. तीस वर्षे वर्गात मी मुलांना निरीक्षण जसे आहे तसे नोंदवायला शिकवले, आणि माझ्याच घरच्या एका नोंदीकडे मी डोळेझाक केली. ती मी रोझलीसाठी केली, आणि तिचे मला वाईट वाटत नाही.

रेषापंचाला मैदानाच्या कडेने सतत धावावे लागते. आमच्या मैदानावर ती कडा चर्चच्या बायकांच्या बाकांपासून पंधरा यार्डांवर आहे. तू धावलास की तुझी आई खोटे बोलली, हे सर्वांसमोर सिद्ध होईल, आणि उत्तर देण्यास ती येथे नाही. तिचा शब्द राखणे आता माझ्याकडे आले आहे. दुसरा एखादा सामना मागून घ्यावास.

हे पत्र कठोर वाटल्यास तो दोष माझ्या भाषेचा आहे. माझ्या मनातील जागेत त्याने काही उणे होऊ नये.

तुझा पिता,
क्लेमेंट बर्नाट


कँटन
१७ सप्टेंबर १९९८

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

दुसरा सामना मिळत नाही. विचारून पाहिलं. निरीक्षक एकदाच येतो. हा सोडला तर यंदाची परीक्षा गेली, आणि परीक्षेला न बसलेल्याला पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही.

पाच वर्षांत आपण दोघं या विषयावर बोललोच नाही, म्हणून आज लिहितो. माझा गुडघा कधीच दुखला नाही. मी आळस केला नाही, दारूला लागलो नाही, पैसा डोक्यात गेला नाही. पहिल्याच सरावात माझ्यासमोर वेंडेल ओक्स नावाचा एक जण उभा राहिला. त्याला शेवटच्या फेरीत, जवळजवळ दया म्हणून घेतलेला. मी ओणव्यातून उठेपर्यंत तो मला वळसा घालून गेलेला असायचा. प्रशिक्षक म्हणाले, सुरुवात आहे. मी दर वर्षी सुधारत गेलो, तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. पण तिथे सगळेच सुधारत होते. त्यांनी माझे हात मोजले, पंजा मोजला, उडी मोजली, आणि सगळ्या मोजमापांचं उत्तर आलं तिसरा. उत्तर चुकलं होतं. मी चांगला होतो, बाबा. तिथे लागतो तेवढा चांगला नव्हतो. पाय मोडला असता तर लोकांनी मला डोक्यावर घेतलं असतं. हे मात्र कुठे ठेवावं ते त्यांना कळत नाही.

आईने मला गुडघा दिला, त्याचा मला राग नाही. पण गावात पाऊल टाकलं की मी लंगडतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? एका ईस्टरला मी चुकून दुसऱ्याच पायाने लंगडत होतो. व्हर्नामावशीने कानात येऊन सांगितलं, की राजा, दुखणं डावीकडे आहे. तेव्हा हसलो. पण मार्चमध्ये आईची शवपेटी चर्चच्या पायऱ्यांवरून उतरवताना एक कडी माझ्या हातात होती, आणि मी तेव्हाही लंगडलो. तिला शेवटचं पोचवायला मी माझ्या पायांनी गेलो नाही.

तुम्ही स्पष्ट ‘येऊ नकोस’ म्हणालात तर मी येणार नाही. पण तेवढे शब्द लिहा. ‘विनंती आहे’ असं लिहू नका.

तुमच्या उत्तराची वाट बघतोय, आणि ते काहीही आलं तरी मी तुमचाच आहे.

गॅरेट


टूसॉन, ॲरिझोना
२० सप्टेंबर १९९८

ती. भावोजींना स. न. वि. वि.

फोन उचलत नाही तुम्ही, म्हणून कागद खराब करतेय. आधी भांडण, मग काम. अडतीस वर्षं झाली तुमचं लग्न होऊन, आणि तुमच्या पत्रात मी अजून ‘तुम्ही’. मी तुमची मेहुणी आहे की बँकेची मॅनेजर? आमचे हे विचारत होते, प्रोफेसरसाहेबांचं पत्र उभं राहून वाचायचं का.

गॅरेटचा फोन आला होता. सगळं सांगितलं त्याने. आता मी जे लिहिते ते बसून वाचा.

गावाला माहीत आहे. सगळ्या गावाला, पहिल्यापासून. चर्चच्या तळघरातला तो मोठा फ्रीजर आठवतो? १९९४च्या वसंतात तो बदलायचा होता आणि सामान आणणारे लोक तो वरच टाकून निघून गेले. तुमच्या लेकाने तो मिठीत धरला आणि एकट्याने चौदा पायऱ्या खाली उतरवला. दार कोणी धरलं होतं? मिसेस ट्वारोगने. मी तेव्हा गावातच राहत होते; आम्ही सहाजणी तिथे पिठाच्या हातांनी उभ्या. कोणी एक अक्षर बोललं नाही. त्यानंतर आठ दिवसांनी त्या बाईने गुडघापट्टी विणायला घेतली. आधी नाही, भावोजी, नंतर. समजलं का तुम्हाला?

रोझलीला हे ठाऊक होतं. ती मला म्हणाली, “त्यांना माहीत आहे, हे मला माहीत आहे. फक्त क्लेमेंटला सांगू नकोस. तो बिचारा एवढ्या नेटाने झाकतोय, त्याचा उत्साह जाईल.” आणि मग हसून हसून तिला उचकी लागली. पाणी प्यावं लागलं.

तेव्हा तिचा शब्द राखायचं तुम्ही आता सोडलंत तरी चालेल. तो सगळ्या गावाने मिळून राखलाय, चांगला जाडजूड आहे, फाटणार नाही. पोराला येऊ द्या.

आणि डबाबंद सूप किती दिवस खाणार? ट्वारोगबाईने भरलेल्या कोबीचं भांडं दिलं तर ‘आभारी आहे, गरज नाही’ म्हणून परत केलंत म्हणे. पुन्हा दिलं तर घ्या. तिला वाईट वाटलं.

रागावलात तरी बेहत्तर, पण माया पातळ करू नका.

तुमची मेहुणी (बँकेत नोकरीला नसलेली),
व्हर्ना


सॉमर्स बेंड
२४ सप्टेंबर १९९८

चि. गॅरेट यास अनेक उत्तम आशीर्वाद.

यावेस.

प्रशिक्षकांच्या सह्यांविषयी तुला कदाचित कळले नसेल. डिलवर्थच्या प्रशिक्षकांनी त्याच दिवशी सही केली. त्यांचे म्हणणे असे की चौतीस वर्षांत ज्याच्या काठीने त्यांच्यावर एकदाही अन्याय केला नाही, त्याच्या मुलाला नाही म्हणण्याचे कारण त्यांना दिसत नाही. आपल्या शाळेच्या प्रशिक्षकांनी मात्र चार दिवस घेतले. ते न्हाव्याच्या दुकानात म्हणाले की एक बर्नाट आम्हाला वीतभर कमी मोजतो, आता दोन आले तर हातभर कमी भरू. ही तक्रार मी बहुमान म्हणून स्वीकारली आहे.

मिसेस ट्वारोग यांना भांडे मागण्यासाठी फोन केला. पत्रावर तुझ्या आईची सही नसली तरी आशीर्वाद दोघांचे धरावेस.

तुझा पिता,
क्लेमेंट बर्नाट


सॉमर्स बेंड
४ ऑक्टोबर १९९८

सौ. व्हर्ना यांस स. न. वि. वि.

तुम्ही मागितलेला वृत्तान्त देतो. ‘तुम्ही’ची सवय या वयात सुटणे कठीण आहे, क्षमा असावी. तुम्ही चाळीस वर्षे बाकावर बसून हा खेळ पाहिलात आणि तरीही काल फोनवर साखळी कशासाठी असते असे विचारलेत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेल्यास चेंडू आपल्याकडे राहतो, न गेल्यास समोरच्यांकडे जातो. ते दहा यार्ड म्हणजे आमची साखळी. चेंडू पुढच्या काठीशी पोचला की नाही, एवढाच प्रश्न. काठी कधी उचलायची ते रेषापंच हाताने दाखवतो. त्यापूर्वी ती हलवणे हा गंभीर दोष आहे, कारण मोजायचे मूळ ठिकाणच नाहीसे होते.

गॅरेट वेळेपूर्वी दीड तास आला. पट्ट्यांचा सदरा, पांढरी विजार, काळे बूट. पूर्वीपेक्षा शंभर पौंडांनी हलका झाला आहे. ते वजन त्या संघासाठी चढवलेले होते, त्याचे स्वतःचे नव्हते. त्याने आम्हा चौघांना उभे करून सूचना दिल्या. त्या अचूक होत्या. तो लंगडत नव्हता. बाकांवर पुष्कळ कुजबुज होती.

पहिल्या अर्ध्या तासातच डिलवर्थचा एक मुलगा चेंडू घेऊन आमच्या कडेने सुटला. साठ यार्ड. गॅरेट त्याच्या बरोबरीने शेवटपर्यंत धावला, मान वळवून, नजर त्या मुलाच्या पावलांवर आणि रेषेवर. गुण डिलवर्थला मिळाले, त्यामुळे बाक गप्पच होते; पण ती शांतता गुणांमुळे नव्हती. मग मिसेस ट्वारोग उठून उभ्या राहिल्या आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की माझी लोकरीची पट्टी अखेर लागू पडली म्हणायची. तीन रांगा हसल्या, मग सगळेच. आमच्या प्रशिक्षकांनीही टोपी तोंडावर धरली. साखळीवाल्याने हसू नये असा नियम आहे. मी नियम पाळला. तो पाळणे यापूर्वी इतके अवघड गेले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. शेवटची चार मिनिटे उरली होती. आपली शाळा तीन गुणांनी मागे. चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवे. आपला मुलगा चेंडू घेऊन ढिगाऱ्याखाली पडला, माझ्या काठीच्या अगदी जवळ. गॅरेट कडेवरून वाऱ्यासारखा आत धावला आणि चेंडू जिथे थांबला तिथे त्याने पाय रोवला. बाकांवर जल्लोष झाला. आणि मी, व्हर्ना, काठी उचलून चालू लागलो. कोणीही हात हलवला नव्हता. नॉर्बर्ट माझ्यावर विश्वास ठेवून मागोमाग निघाला. अकरा पावलांवर मी काठी रोवली, आणि त्याच वेळी मुख्य पंचाने मोजणीसाठी साखळी मागितली.

गॅरेट वळला. त्याची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे त्याने काहीच पाहिले नव्हते. कोणीही पाहिले नव्हते. सर्वांचे डोळे चेंडूवर होते. काठी पुढे उभी आहे याचा अर्थ दहा यार्ड रीतसर मिळालेले आहेत, असा बाकांनी घेतला, आणि मुख्य पंचही तसाच घेण्याच्या बेतात होता. मी गप्प राहिलो असतो तर चेंडू आपल्या मुलांकडे राहिला असता. गॅरेट धावत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. निरीक्षक वही घेऊन त्याच्या मागेच, कुंपणाशी.

तो म्हणाला, “पुढची काठी, मी हात दाखवण्याआधी तुम्ही हललात का?”

मी म्हणालो, “हो, सर.”

त्याने मान डोलावली आणि हे उत्तर मोठ्या आवाजात मुख्य पंचाला सांगितले. सुदैवाने साखळीला अशा प्रसंगासाठी एक चिमटा लावलेला असतो. तो कोणत्या रेषेवर होता ते गॅरेटच्या मनगटावरच्या कार्डावर लिहिलेले होते. चिमटा त्या रेषेवर ठेवून साखळी पुन्हा ताणली. चेंडू तळहाताच्या रुंदीएवढा कमी भरला. तो डिलवर्थकडे गेला, आणि सामनाही.

त्यानंतर त्याने मला काठी बदली माणसाकडे देऊन कुंपणामागे जाण्यास सांगितले. नियमाप्रमाणे त्याने तसेच करायला हवे होते. बाकांसमोरून तीस यार्ड चालावे लागले. कोणीतरी ओरडले की बर्नाट, चौतीस वर्षांत एकदा आमच्या बाजूने हललास, तेही पोराने काढून घेतलं. दुसऱ्याने गॅरेटला ओरडून सांगितले की तिसरी निवड अजून फसतेच आहे. तो तेव्हा मुलांना रांगेत उभे करत होता. त्याने मान वळवली नाही.

तुम्ही विचाराल म्हणून लिहितो. एप्रिलच्या त्या रविवारी त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा लोकांनी मला उचलून धरले होते, आणि मला आनंद झाला होता. पण त्या दिवशी त्याने काही केले नव्हते, त्याला कोणीतरी निवडले होते. शुक्रवारी मी कुंपणामागे उभा होतो, साखळी हाती घेतल्यापासून प्रथमच कोणीतरी मला जागेवरून दूर केले होते, आणि माझी छाती कोटाच्या गुंड्यांत मावत नव्हती. रोझलीला हे सांगायचे राहिले आहे. तिच्यानंतर ऐकण्याचा हक्क तुमचा, म्हणून तुम्हाला लिहिले. त्याला कळवू नये.

तुमचे यजमान एमिल यांस नमस्कार. स्नेह पूर्वी होता तसाच, किंबहुना मागील पत्रानंतर थोडा अधिक, गृहीत धरावा.

आपला,
क्लेमेंट बर्नाट


कँटन
११ ऑक्टोबर १९९८

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

सामन्यानंतर तुम्हाला भेटायला आलो नाही, कारण पंचांनी लगेच निघायचं असतं आणि साखळीवाल्यांशी बोलायचं नसतं. तुम्हाला हे माहीत असणार, तरी लिहितो.

तुमच्या चुकीचा अहवाल मलाच लिहावा लागला. तीन कागद फाडले. त्यात मी ‘सुमारे दहा पावले’ असं लिहिलंय आणि ‘विचारताच त्यांनी मान्य केले’ असंही. तुम्हाला पुढच्या दोन सामन्यांसाठी साखळीवरून दूर ठेवलंय. पंचमंडळाचं पत्र पोचलं असेल. मला वाईट वाटतं, पण मी पुन्हा तसंच लिहीन.

निरीक्षकाने मला खोलीत बोलावून एकच प्रश्न विचारला: काठी धरणारा माझा बाप आहे, हे त्या क्षणी माझ्या लक्षात होतं का. मी म्हटलं, होतं. त्याने वही मिटली. काल चिठ्ठी आली: कायम यादीत नाव घातलंय. येत्या शुक्रवारी, सोळा तारखेला, न्यू हेल्ब्रनला सामना दिलाय. या खेपेला कोणी निवडलं नाही, बाबा. परीक्षा होती, मी पास झालो.

एक गोष्ट विचारायची आहे. चौतीस वर्षांत तुम्ही कधी आधी हलला नाहीत. त्या वेळी तुम्ही बघत कुठे होता?

ट्वारोगबाईंनी मला पत्र पाठवलंय. लिहितात, की पट्टीची गरज संपली असेल तर परत कर, लोकर चांगली आहे. पाठवून देतोय.

तुमच्या पायांशी जागा आहे ती तशीच ठेवा.

आपला,
गॅरेट


सॉमर्स बेंड
शुक्रवार, १६ ऑक्टोबर १९९८, सकाळी

चि. गॅरेट यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुला उद्या किंवा सोमवारी मिळेल, म्हणजे आजचा सामना होऊन गेलेला असेल. तरीही लिहितो, कारण लिहून ठेवलेले बरे.

मंडळाचे पत्र मिळाले. शिक्षा योग्य आहे. तुझ्या अहवालाला माझी संमती मी स्वतंत्र कागदावर कळवली आहे, एका दुरुस्तीसह: पावले दहा नसून अकरा होती.

मी कुठे पाहत होतो, हे विचारलेस. तुझ्या पायांकडे. शाळेत असताना चार वर्षे तू माझ्यापासून हाकेच्या अंतरावर खेळलास, आणि त्या सर्व काळात मी चेंडू आणि पंचाचा हात यांखेरीज कशाकडेही पाहिले नाही. पुढे त्या व्यावसायिक संघातली चार वर्षे तुला टीव्हीवर शोधले. बहुतेक वेळा तू बाकावर असायचास, आणि तुझी आई पडद्यावर बोट ठेवून दाखवायची. तू धावतोस कसा, हे मी त्या शुक्रवारी पहिल्यांदा पाहिले. हे चुकीचे समर्थन नव्हे. तू विचारलेस म्हणून माहिती दिली.

चौतीस वर्षांत आज पहिलाच शुक्रवार आहे की घरच्या मैदानावर सामना आहे आणि माझ्या हाती काठी नाही. नॉर्बर्टला मोटार मागितली होती. तो म्हणाला की मोटार देईन, पण आजची काठी बदली माणसाकडे देऊन मीही येईन. मिसेस ट्वारोग यांना हे कुठून कळले कोण जाणे, त्या आणि त्यांची बहीण मागच्या आसनावर बसणार आहेत. भरलेल्या कोबीचे भांडेही बरोबर आहे. न्यू हेल्ब्रन चाळीस मैल आहे. आम्ही दोन वाजता निघतो. तिकिटे काढून, पाहुण्यांच्या बाजूला, रेषापंचाच्या कडेला बसू.

त्यांना मी सांगून ठेवले आहे की पंचाला नावाने हाक मारायची नाही. त्या ऐकतील असे वाटत नाही. तू मात्र वर पाहू नयेस. पंचाने प्रेक्षकांत ओळख दाखवू नये. आम्ही तुला ओळखू.

तुझा पिता,
क्लेमेंट बर्नाट